शब्द ब्रेकअपचे, पण गाणं नोकरी गेल्याचं

ताई, बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलंय आणि ती दिवसभर ग्लोरिया गेनरचं 'आय विल सर्व्हाइव्ह' लावून बसते, ते त्या बाईंच्या स्वतःच्या ब्रेकअपवरचं आहे काय असं विचारलंय तुम्ही. नाही ओ. शब्द सगळे सोडून गेलेल्या माणसाचे आहेत पण मूळ दुखणं निराळंच.

गाणं दिनो फेकारिस आणि फ्रेडी पेरेनचं. फेकारिस मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीत जवळपास 7 वर्षं पगारी गीतकार होता, तिथनं त्याला काढून टाकलं, घरी बसलेला असताना टीव्हीवर त्याचंच एक जुनं गाणं लागलं आणि तिथंच त्यानं ठरवलं की मी यातनं तरणार. आणि ग्लोरियाबाई 1978 मध्ये स्टेजवर पडल्या, मणक्याचं ऑपरेशन झालं, हे गाणं त्यांनी पाठीला पट्टा बांधून म्हटलंय! आईही आधीच गेलेली. म्हणजे लिहिणाऱ्याची नोकरी गेलेली, गाणारीची पाठ, आणि आपण ऐकतो प्रेमभंगाचं म्हणून.

ग्लोरियाबाईंच्या रेकॉर्ड कंपनीनं ते 'सब्स्टिट्यूट' नावाच्या गाण्याच्या मागच्या बाजूला टाकलेलं. न्यूयॉर्कच्या स्टुडिओ 54 या नाइटक्लबमधल्या डीजेनं तबकडी उलटी करून वाजवलं, लोक नाचले, आणि मार्च 1979 ला अमेरिकेत पहिल्या नंबरवर. 1980 चं डिस्कोचं ग्रॅमी पण यालाच, ते बक्षीस त्या एकाच वर्षी दिलं गेलं.

मी बेळगावात गणपतीच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो म्हणून सांगतो, यात ए मायनरपासून 8 कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे सुरांचे गट, आहेत आणि शेवटपर्यंत त्याच फिरतात, मुखड्याला वेगळ्या नाहीत. खाली काहीच बदलत नाही, बदलतो तो वरचा आवाज, आधी घाबरलेला आणि मग एकदम ताठ. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतनं मला कमी केलं तेव्हा महिनाभर रात्री हेडफोन लावून मी त्या 8 कॉर्डच वाजवत होतो, घरात कुणाला सांगितलं नव्हतं अजून. त्यामुळं ती सारखं तेच ऐकते म्हणून काळजी करू नका, बंद करायला तर अजिबात लावू नका.

तिला म्हणायची हौस असली तर सांगा, खानापूरला येतो कीबोर्ड घेऊन. ए मायनरला आवाज पोचत नसला तर पट्टी खाली घेऊ.