‘अपरोक्ष’ म्हणजे समोर की पाठीमागे?

प्रश्न असा आहे : ‘माझ्या अपरोक्ष त्याने सही केली’ म्हणजे मी तिथे नसताना केली. मग वेदान्तातली ‘अपरोक्षानुभूती’ म्हणजे साक्षात अनुभव कसा? आणि साक्षातच म्हणायचं, तर सरळ ‘प्रत्यक्षानुभूती’ का नाही?

पहिला भाग लवकर आटोपतो. ‘अक्ष’ म्हणजे डोळा, पुढे कोणतंही इंद्रिय. त्याच्या पलीकडचं ते परोक्ष. पाणिनीने ‘परोक्षे लिट्’ या सूत्राने न पाहिलेल्या भूतकाळाला क्रियापदाची वेगळी रूपंच नेमून दिली आहेत. म्हणजे ती सही ‘परोक्ष’ झाली. मराठीत उलटं रुळलं ते, माझ्या मते, ‘अनुपस्थितीत’, ‘गैरहजेरीत’ अशा नकाराने सुरू होणाऱ्या शब्दांची कानाला सवय असल्यामुळे. बोलताना मी कुणाला अडवत नाही. लिहिताना ‘माझ्या माघारी’ लिहितो, वादच मिटतो.

खरी गंमत दुसऱ्या भागात आहे. प्रत्यक्ष म्हणजे इंद्रियासमोर आलेलं. डोळ्यासमोर रूप येतं, कानावर शब्द येतो. पण पाहणारा स्वतःच्या डोळ्यासमोर कसा येणार? कठोपनिषद म्हणतं, स्वयंभूने इंद्रियांची दारं बाहेरच्या बाजूला कोरली, म्हणून माणूस बाहेरच पाहतो. बृहदारण्यकात उषस्त चाक्रायण याज्ञवल्क्याकडे हट्ट धरतो, ‘साक्षात् अपरोक्ष’ असं जे ब्रह्म, ते मला समजावून सांग. (आपला शब्द तिथे आहे!) पहिल्या उत्तराने त्याचं समाधान होत नाही, ‘ही गाय, हा घोडा’ म्हणावं तसं हे झालं, अशी त्याची कुरकुर. त्यावर याज्ञवल्क्य म्हणतो, दृष्टीच्या द्रष्ट्याला तू पाहू शकणार नाहीस.

म्हणून आत्मा, म्हणजे हा पाहणारा, प्रत्यक्ष म्हणता येत नाही. पण परोक्षही नाही, कारण ‘मी आहे’ हे कळायला ना अनुमान लागतं ना कुणाची साक्ष. या दोहोंच्या मधल्या जागेसाठी ‘अपरोक्ष’. आता कुणी म्हणेल, ‘वेदान्तपरिभाषा’ हा अद्वैत वेदान्ताचा ग्रंथ प्रत्यक्षाला इंद्रियाची अट घालतच नाही. खरं आहे, पण तो शास्त्रकारांनी पुढे ताणलेला अर्थ. शब्दाच्या घडणीत इंद्रिय आहेच.

विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’तल्या गोष्टीत हा फरक नेमका दिसतो. दहा जण नदी उतरतात. मोजणारा स्वतःला सोडून मोजतो, नऊच भरतात, दहावा बुडाला म्हणून तो रडू लागतो. वाटसरू आधी सांगतो, ‘दहावा आहे.’ हे ऐकून जे कळलं ते परोक्ष. मग तो म्हणतो, ‘दहावा तूच.’ हे अपरोक्ष. मोजणाऱ्याचे डोळे धडधाकट होते, नऊ जण त्याला स्वच्छ दिसत होते.