"मॅडम, माझ्यात पण जात आहे का हो?"

हा प्रश्न लोक सहसा आडून आडून विचारतात, या काकूंनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारला. (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत.) रिटायर्ड शिक्षिका, मूळच्या लातूरकडच्या, आता इथं संभाजीनगरला. मुलगा जर्मनीत शिकतो, तिथं एका घरमालकानं फोनवर रूम देतो म्हणून सांगितलं आणि पोरगं समोर उभं राहिल्यावर रंग बघून नाही म्हणाला. काकू फोनवर लई चिडल्या, माणसाला कातडीवरून तोलतात म्हणजे काय! मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "आई, तो खिडकीतला कप अजून आहे का गं?"

खिडकीतला कप म्हणजे धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा, कान तुटलेला, मावशी स्वतःच धुवून जाळीपाशी पालथा ठेवायच्या, बारा वर्षं. काकूंची झोपच उडाली होती.

मी म्हटलं, चांगल्या की वाईट हा हिशोब आत्ता राहू द्या, शनिवारी आमच्या वाचनाला या. आठ जण असतो, आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचं आणि मग बोलायचं. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती, म्हणजे तिकडचा रंग आणि इकडची जात हे नातं आपल्याकडं तेव्हाच कुणीतरी ओळखलं होतं, आम्ही तिथून सुरुवात केली.

मग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेला १९३४ चा दौलताबादचा प्रसंग आला. प्रवासात सगळे धुळीनं माखलेले, किल्ल्याच्या दाराजवळ काठोकाठ भरलेलं टाकं, काही जणांनी हातपाय धुतले तर पाणी बाटवलं म्हणून लोक धावून आले, शेवटी किल्ल्यात सोडलं पण कुठं पाण्याला शिवू नये म्हणून सोबत एक हत्यारबंद शिपाई दिला. काकू वाचता वाचता थांबल्या. म्हणाल्या, "मी दरवर्षी सहल नेली हो तिथं, पोरांना बाटल्या भरून घ्या म्हणायचे, आणि हे मला कधी कुणी सांगितलंच नाही."

इथं माझी चूक झाली. ग्रुपमध्ये बँकेत नोकरी करणारा एक दलित मुलगा होता, मी त्याला म्हटलं तू तुझा अनुभव सांग. त्यानं थोडं सांगितलं, काकू त्याचे हात धरून रडायला लागल्या, माफी मागायला लागल्या. तो म्हणाला, "काकू, तुम्ही रडताय म्हणल्यावर आता मलाच तुमची समजूत काढावी लागतीय." खरं होतं ते. तेव्हापासून मी कुणालाच अनुभव सांग म्हणत नाही, ज्याला वाटेल तो बोलेल.

काकूंना मावशींचीही माफी मागायची होती. मी नको म्हटलं. माफी मागितली की समोरच्याला "जाऊ द्या बाई" म्हणावंच लागतं, पगार तुमच्या हातात असताना ती दुसरं काय म्हणणार? त्यापेक्षा उद्यापासून घरातल्या कपात चहा द्या, सोबत बसून प्या, भाषण करू नका.

काकूंनी कान तुटलेला कप टाकून दिला. मावशी काहीच बोलल्या नाहीत, नवा कपही धुवून खिडकीतच ठेवायला लागल्या. काकू रोज तो उचलून मांडणीवर ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी परत खिडकीत. असं दोन महिने चाललं, काकू दोनदा रडत माझ्याकडं आल्या, मी म्हटलं बारा वर्षांची सवय आहे, उचलत राहा.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मावशी म्हणाल्या होत्या, "बाई, माझ्या चहात साखर कमी टाकत जा, मला एवढी गोड आवडतच नाही."

बारा वर्षांत पहिल्यांदा.