गरिबीचं भाकीत, पूर्वानुमान की अंदाज?

प्रश्न असा आहे: ‘उपग्रहाच्या छायाचित्रांवरून मशीन लर्निंगने आफ्रिकेतल्या गावांची गरिबी प्रेडिक्ट केली’ या वाक्यात ‘भाकीत केलं’ म्हणावं की ‘पूर्वानुमान केलं’?

माझ्या मते दोन्ही नको. भाकीत उद्याचं असतं. 2016 साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात छापून आलेलं स्टॅनफर्डच्या संशोधकांचं काम पाहा. नायजेरिया, टांझानिया, युगांडा, मलावी आणि रवांडा हे त्यातले पाच देश. घरोघरची पाहणी महागडी, म्हणून ती मोजक्याच ठिकाणी होते. जिथे ती झाली नाही तिथली आत्ताची स्थिती कशी ओळखायची, हा तिथला प्रश्न. पुढे काय होईल, हे कोणी विचारलेलंच नव्हतं. ‘पूर्वानुमाना’तला ‘पूर्व’ही त्यामुळे आडवा येतो.

तो ‘पूर्व’ काढला की उरणारं ‘अनुमान’ मात्र फार नेमकं आहे. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे अग्नी असणार, हे न्यायदर्शनातलं, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रातलं, जुनं उदाहरण. दिसणाऱ्यावरून न दिसणाऱ्याकडे जाणं म्हणजे अनुमान. इथेही तेच घडतं. रात्रीचा उजेड ही सुबत्तेची ढोबळ खूण, म्हणून दिवसाच्या छायाचित्रावरून तो किती असेल हे ओळखायला संगणकाला आधी शिकवलं. त्या सरावात रस्ते, पाणी, शेतं, दाट वस्ती यांच्या खुणा त्याला ओळखू येऊ लागल्या. मग त्या खुणांचा प्रत्यक्ष पाहणीतल्या खर्चाशी आणि मालमत्तेशी मेळ घातला. धूर आणि अग्नी एकत्र असतात हे आपण स्वयंपाकघरात आधी पाहिलेलं असतं, तशी ही पाहणी.

फरक इतकाच की धूर-अग्नीचं नातं अव्यभिचारी, म्हणजे कधीच न चुकणारं, मानतात, रस्ता आणि मिळकतीचं तसं नाही. या कामातही गावागावांतल्या फरकाचा जास्तीत जास्त 75 टक्के भाग उलगडला, तोही सगळीकडे नाही. म्हणून पद्धतीला ‘अनुमान’ आणि हाती येणाऱ्या आकड्याला ‘अंदाज’ म्हणावं. अंदाज हा शब्द फारसीतून आला, पण आता पुरता आपला आहे, आणि त्याला काळाचं बंधन नाही. हवामानाचा अंदाज उद्याचा, तर महसूल खात्याची ‘नजर अंदाज पैसेवारी’ शेतात आज उभ्या असलेल्या पिकाची. कापणी न करता, नजरेनं ठरवलेली. उपग्रहाचं काम याच जातीचं वाटतं मला.

मी वाक्य असं लिहीन: ‘उपग्रहाच्या छायाचित्रांवरून, मशीन लर्निंगच्या साहाय्याने, पाहणी न झालेल्या गावांतल्या गरिबीचा अंदाज बांधला.’ ‘बांधला’ मुद्दाम. ‘वर्तवला’ म्हटलं की पुन्हा उद्याचा वास येतो.