वाचकांचे प्रश्न : बॅटरीवरची करवत चालवताना डावा हात कुठे असावा?

प्रश्न : आम्ही नेरुळला रो हाउसमध्ये राहतो. मागच्या अंगणात आंबा, पेरू आणि शेवगा आहे. सासऱ्यांनी छाटणीसाठी बॅटरीवर चालणारी लहान साखळी-करवत आणली आहे. ते डाव्या हाताने फांदी धरून उजव्या हाताने करवत चालवतात आणि उंचावरच्या फांदीसाठी ॲल्युमिनियमच्या शिडीवर चढतात. ‘ही करवत एका हाताने चालवण्यासाठीच केलेली आहे,’ असे ते म्हणतात. हे बरोबर आहे का? — एक वाचक, नेरुळ

उत्तर : करवत एका हातात मावते हे खरे आहे, पण खरा धोका त्यातूनच निर्माण होतो, कारण मोकळा राहिलेला डावा हात आपोआप फांदीकडे जातो. हातकरवतीने काम करणाऱ्याला फांदी धरण्याची सवय असते आणि तिथे ती फारशी महागात पडत नाही, कारण हात थांबला की करवतही थांबते. साखळीचे तसे नाही. खटका सोडल्यावरही ती क्षणभर फिरत राहते, आणि साखळी जिच्याभोवती फिरते ती चार ते सहा इंचांची पट्टी फांदीतून अचानक आरपार गेली, तर पलीकडे धरलेला हात तिच्यापासून वीतभरही दूर नसतो. मोठ्या साखळी-करवतीला उसळी आल्यास, म्हणजे पट्टी अचानक चालवणाऱ्याकडे उडाल्यास, साखळी थांबवणारा ब्रेक असतो. या लहान करवतींपैकी अनेकींना तो नसतो. म्हणून सासऱ्यांना एवढे एकच सांगायचे असेल, तर हे सांगा : करवतीला दुसऱ्या हातासाठी जागा दिली असेल, तर डावा हात तिथेच ठेवावा, नसेल, तर तो कापाच्या रेषेपासून पूर्णपणे बाजूला असावा. फांदी धरू नये, तिला पडू द्यावे. धरल्याशिवाय कापताच येत नाही इतकी बारीक डहाळी असेल, तर ते काम सिकेटरचे (छाटणीच्या कात्रीचे) आहे, करवतीचे नाही.

उसळी कशी येते, हे त्यांना करवत बंद ठेवून आणि बॅटरी काढून प्रत्यक्ष दाखवावे. साखळी पट्टीच्या वरच्या बाजूने टोकाकडे जाते आणि खालच्या बाजूने आपल्याकडे परत येते. टोकाचा वरचा अर्धा भाग फांदीला किंवा मागे लपलेल्या दुसऱ्या डहाळीला लागला, की दात तिथे अडकतात आणि पट्टी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वर आणि मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उसळते. आंब्याच्या दाट बेचक्यात हे सहज घडू शकते. त्यासाठी आधी सिकेटरने आजूबाजूच्या डहाळ्या काढून जागा मोकळी करावी, टोकाने कधीही कापू नये, पट्टी जिथून बाहेर येते तो करवतीच्या धडाचा भाग फांदीला टेकवून पट्टीच्या खालच्या बाजूने कापावे आणि स्वतः पट्टीच्या रेषेत उभे न राहता किंचित बाजूला उभे राहावे.

शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते. जड फांदी वरून एकाच कापात तोडायला गेले, तर ती अर्ध्यावर मोडते आणि खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. अशी फांदी तीन कापांत काढावी. पहिला काप खोडापासून सुमारे फूटभर अंतरावर खालून, जाडीच्या एक-तृतीयांशापर्यंत घ्यावा. हा काप हातकरवतीने घेतलेला मला अधिक पसंत आहे, कारण खालून कापताना पट्टीची वरची बाजू वापरावी लागते आणि साखळी करवतीला आपल्याच अंगावर ढकलते. दुसरा काप त्याच्या थोडा पुढे, फांदीच्या टोकाच्या बाजूला, वरून घ्यावा. फांदीचे वजन तिथेच उतरते. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढावा, मात्र फांदीच्या बुडाशी दिसणारी फुगीर कड शाबूत ठेवून, कारण जखम त्या कडेतूनच भरून येते. पट्टी मध्येच चिमटली, तर हिसके न देता खटका सोडावा, बॅटरी काढावी आणि मगच फांदी उचलून पट्टी सोडवावी.

शिडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ही करवत हातात असताना दोन्ही पाय जमिनीवरच असावेत. उसळी आली की माणूस तोल सावरायला हात सोडतो, आणि शिडीवर सावरायला जागाच नसते. उंच फांदीसाठी लांब दांड्याची हातकरवत वापरावी किंवा अनुभवी माणूस बोलवावा. फांदी विजेच्या तारेजवळ असेल, तर कोणत्याही साधनाने तिला हात लावू नये. महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे.

डोळ्यांना गॉगल, पायांत बंद बूट आणि हातांत घट्ट बसणारे मोजे असावेत. मोजे आंब्याच्या चिकापासून आणि ओरखड्यांपासून वाचवतात, फिरत्या साखळीपासून नव्हे. ओढणी, पदर आणि सैल बाह्या आवरलेल्या असाव्यात. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी काढून पट्टीच्या मध्यावर साखळी बोटांनी ओढून पाहावी : ती थोडी उचलली जावी, पण तिचे खालचे दाते खाचेतून पूर्ण बाहेर येता कामा नयेत. नवी साखळी लवकर सैल पडते. ती तापलेली असताना घट्ट करू नये, कारण थंड झाल्यावर ती आवळून बसते.

प्रश्न : माझ्या करवतीच्या बॅटरीवर ‘४८ व्हीएफ’ असे छापले आहे. ती अधिक शक्तिशाली आहे का? आणि ती रात्रभर चार्जिंगला ठेवली तर चालेल का? — एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : तो आकडा व्होल्टचा नाही, त्यावर भिस्त ठेवू नये. अशा बॅटरीत बहुधा पाच लिथियम सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, प्रत्येकी ३.६ व्होल्ट धरले तर १८ आणि पूर्ण चार्ज असताना ४.२ धरले तर २१ व्होल्ट होतात. रात्री सगळे झोपलेले असताना ती चार्जिंगला ठेवू नये. काम संपताच बॅटरी गरम असते, ती निवल्यावरच करवतीसोबत आलेल्या चार्जरवर लावावी. उन्हाळ्यात दुपारी बंद बाल्कनी इतकी तापते की ती चार्जिंगची जागा नव्हे. फुगलेली, पडून चीर गेलेली किंवा पाणी शिरलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, ती ई-कचऱ्यात द्यावी. पावसात ही करवत चालवूच नये.

प्रश्न : झाड आमच्याच सोसायटीच्या आवारात आहे. फांद्या छाटायला परवानगी लागते का? — एक वाचक, वाशी

उत्तर : होय, आधी विचारणे आवश्यक आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खासगी जागेतील झाडांनाही लागू आहे आणि त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. सोसायटीच्या लेटरहेडवर, झाडाचा आणि नेमक्या फांद्यांचा फोटो जोडून महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा, आणि लेखी परवानगी हाती आल्यावरच छाटणीची तारीख ठरवावी.