लाल-निळ्या झेंड्याचा क्लब टीव्हीवर का दिसत नाही?

प्रश्न : नमस्कार. मी आणि सौ. सध्या मुलाकडे मेलबर्नला आलोय, पोर्ट मेलबर्न भागात. घराजवळ एक जुनं मैदान आहे, क्रिकेटसारखं लंबगोल, पण तिथे फुटबॉल चालतो, तोही हातात बॉल घेऊन. लाल-निळे झेंडे, म्हातारी माणसं कुत्री घेऊन येतात आणि काय ओरडतात! क्लब १८७४ चा आहे म्हणे. मुलाला विचारलं तर तो म्हणतो "बाबा, ती एएफएलची टीम नाहीये, लोकल आहे." दीडशे वर्षांचा क्लब आणि लोकल? हे काय गौडबंगाल आहे? – एक ज्येष्ठ वाचक, मूळचे सांगलीचे

उत्तर : काका, तुम्ही बघताय तो पोर्ट मेलबर्न फुटबॉल क्लब, खेळ ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, आणि एएफएल म्हणजे या खेळाची देशातली सगळ्यात मोठी लीग. तुमच्या मुलाचं अर्धं बरोबर आहे. एएफएलमध्ये नाही हे खरं, पण "लोकल" म्हणून सोडून द्यावा असा हा क्लब नाही. मी मेलबर्नला होते तेव्हा पहिल्यांदा या मैदानावर गेले ती फक्त ऊन छान पडलं होतं म्हणून, आणि मग पुढची काही वर्षं हिवाळ्यातले शनिवार तिथेच गेले, त्यामुळे मी यात अजिबात तटस्थ नाही हे आधीच सांगून ठेवते.

आधी थोडं गावाचं. पोर्ट मेलबर्नचं जुनं नाव सँडरिज. ऑस्ट्रेलियातली पहिली वाफेवरची रेल्वे १८५४ साली धावली ती मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीटपासून या सँडरिजपर्यंत, कारण जहाजं इथे लागायची. १८६० मध्ये गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली, तिकडच्या भाषेत "बरो", आणि क्लबचं टोपणनाव आजही तेच आहे. वाघ नाही, सिंह नाही, गरुड नाही, सरळ नगरपालिका! गावाचं नाव १८८४ मध्ये बदललं, नगरपालिका १९९४ मध्ये शेजारच्या पालिकांबरोबर विलीन होऊन संपली, पण मैदानावर "गो बरो" चालूच आहे. वस्ती सगळी गोदी कामगारांची, बिस्किटाच्या कारखान्यातली, नंतर मोटारीच्या कारखान्यातली.

आता मुख्य मुद्दा, टीव्हीवर का नाही, म्हणजेच एएफएलमध्ये का नाही. १८७७ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या क्लबांची संघटना झाली, व्हीएफए. पोर्ट मेलबर्न त्यात १८८६ ला आला. १८९६ च्या सीझननंतर त्यातले पैसेवाले, गर्दी खेचणारे क्लब फुटून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची लीग काढली, व्हीएफएल, म्हणजे आजच्या एएफएलची आई. सहा जण फुटले आणि त्यांनी अजून दोघांना बोलावलं, कार्लटन आणि सेंट किल्डा. पोर्ट मेलबर्नला बोलावलं नाही. गोदीवरचं पब्लिक राडेबाज म्हणून नाव झालेलं आणि शेजारी साउथ मेलबर्न हा मोठा क्लब आधीच त्या गटात, मग याला कोण घेणार. गंमत पुढे बघा, ज्या सेंट किल्डाला मानाने बोलावलं त्यांनी नव्या लीगमध्ये पहिले तीन सीझन एक, अक्षरशः एकसुद्धा मॅच जिंकली नाही. आणि पोर्ट मेलबर्नने मागे उरलेल्या व्हीएफएमध्ये १८९७ ची, म्हणजे लगेच पुढच्याच वर्षीची चॅम्पियनशिप मारली. १९०१ ला परत. म्हणजे खेळात कमी होते म्हणून राहिले असं कोणी सांगितलं तर त्याला हे वर्ष सांगा.

नंतर दार दोन-तीनदा उघडलं. १९०८ ला रिचमंड वर गेला, १९२५ ला फुट्सक्रे, हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्न गेले. पोर्ट मेलबर्न १९२२ चा चॅम्पियन होता, तरी राहिला तो राहिलाच. आज हॉथॉर्नचं नाव देशभर माहितीये आणि बरोचं नाव ट्रामच्या तीन-चार स्टॉपांपुरतं, हा सगळा फरक मला तरी कोणाला आत घेतलं आणि कोणाला नाही एवढ्यावरच उभा दिसतो.

प्रश्न : व्हीएफए, व्हीएफएल, एएफएल वाचून डोकं गरगरलं. एकच लीग आहे का तीन? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन आहेत, पण नावं अशी फिरलीत की मेलबर्नचे लोकही चुकतात. फुटून निघाली ती व्हीएफएल, तिने १९९० मध्ये एएफएल असं नाव घेतलं कारण तोवर सिडनी, ब्रिस्बेन, पर्थ इथले क्लब आत आले होते. मग मागे उरलेल्या गरीब व्हीएफएने १९९६ मध्ये रिकामं झालेलं व्हीएफएल हे नाव उचललं! थोरल्या भावाने टाकलेला शर्ट धाकट्याने घालावा तसं. त्यामुळे १९७० चं व्हीएफएल म्हणजे आजचं एएफएल आणि आजचं व्हीएफएल म्हणजे जुनं व्हीएफए. जुना पेपर वाचताना साल आधी बघायचं आणि मग अक्षरं.

प्रश्न : ताई, यांच्या मॅचचा स्कोर मला जाम कळत नाही. ३२.१९ (२११) असं कुठेतरी बघितलं, हे क्रिकेटचे ओव्हर आहेत का? – एक कॉलेज विद्यार्थी, अमरावती

उत्तर : हाहा, नाही रे. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोनांतून लाथेने बॉल गेला की गोल, ६ पॉइंट. बाजूच्या फटीतून गेला की १ पॉइंट, त्याला "बिहाइंड" म्हणतात. म्हणजे ३२ गोल गुणिले ६ झाले १९२, अधिक १९, एकूण २११.

आणि तू जो आकडा बघितलास ना तो बहुतेक याच क्लबचा, १९८१ ची ग्रँड फायनल, पोर्ट मेलबर्न ३२.१९ (२११), समोर प्रेस्टन १५.८ (९८). फायनलमध्ये ११३ पॉइंटने! प्रेस्टनवाल्यांसमोर हा विषय काढू नये, मी एकदा काढला होता.

तेव्हा व्हीएफएमध्ये एका बाजूला १६ च खेळाडू असायचे, मोठ्या लीगमध्ये १८. १९५९ पासून नव्वदच्या सुरुवातीपर्यंत हे चाललं. दोन माणसं कमी म्हणजे मैदान मोकळं, म्हणजे गोलांचा पाऊस. असले प्रयोग ही संघटना सारखी करायची, १९३८ ते १९४९ मध्ये तर बॉल सरळ दोन्ही हातांनी फेकायलाही परवानगी होती, जे मोठ्या लीगला अजिबात मान्य नव्हतं (तिथे बॉल एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा). गरिबाला दुकान चालवायचं तर काहीतरी वेगळं मांडावंच लागतं.

प्रश्न : मग या दुसऱ्या नंबरच्या लीगला लोक यायचे तरी कशाला? मोठी लीग त्याच शहरात असताना? – एक वाचक, ठाणे

उत्तर : रविवार! हेच उत्तर. मोठी लीग शनिवारी खेळायची आणि रविवारी त्या शहरात करमणूक म्हणून जवळजवळ काही नसायचं. व्हीएफएने १९६० पासून रविवारी मॅच घ्यायला सुरुवात केली आणि मग १९६७ पासून चॅनल झिरोवर लाइव्हसुद्धा दिसायला लागलं. शनिवारी आपल्या मोठ्या क्लबची मॅच बघायची, रविवारी दुपारी बरो. त्या काळातले लोक आता सत्तरीच्या घरात आहेत आणि त्यांना एकदा बोलतं केलं की संध्याकाळ गेली म्हणून समजा.

पोर्टचं सगळ्यात मोठं पर्व हेच, १९७४, ७६, ७७, मग ८०, ८१, ८२, नऊ वर्षांत सहा चॅम्पियनशिप. आणि राडे, ते पण भरपूर. १९७६ ची डँडेनाँगविरुद्धची फायनल आजही लोकांना खेळापेक्षा सुरुवातीलाच झालेल्या मारामारीसाठी आठवते. त्याआधी १९६७ ला त्याच डँडेनाँगविरुद्ध फायनलमध्ये अंपायर आपल्याविरुद्ध आहे म्हणून पोर्टचा कॅप्टन, जो कोचपण होता, तो टीमच घेऊन मैदानाबाहेर निघाला होता. शेवटी खेळले, आणि हरले. या गोष्टी क्लबमध्ये लपवत नाहीत, उलट रंगवून सांगतात, आणि मला वाटतं १८९६ ला "राडेबाज" म्हणून बाहेर ठेवलेल्यांनी तो शिक्काच मग हौसेने मिरवला.

प्रश्न : फ्रेड कुक नावाच्या खेळाडूबद्दल वाचलं. हजाराच्या वर गोल आणि नंतर जेल? खरं आहे का? – एक वाचक, पणजी

उत्तर : खरं आहे. आणि हे मला नुसतं चटकदार म्हणून सांगायला आवडत नाही.

फ्रेड कुक आधी मोठ्या लीगमध्ये फुट्सक्रेकडून खेळला, मग यारव्हिल या व्हीएफए क्लबमध्ये. तिथे त्याने १९७० ला लीगच्या सर्वोत्तम खेळाडूची जे. जे. लिस्टन ट्रॉफी मिळवली, तेही मागे बचावात खेळून. १९७१ ला पोर्टला आला आणि इथे त्याला पुढे उभं केलं, फुल-फॉरवर्ड, म्हणजे गोल मारणारा. पुढे १९८४ पर्यंत तो तिथेच उभा होता. व्हीएफएमध्ये त्याचे एकूण १३०० च्या वर गोल झाले, आणि वर सांगितल्या त्या सहाही चॅम्पियनशिपमध्ये तो होता. रविवारच्या टीव्हीमुळे घराघरात माहीत झालेला चेहरा, पब चालवायचा, सगळ्यांशी दोस्ती.

आणि मग खेळ संपला. ड्रग्जच्या नादाला लागला, जेलमध्ये गेला, एकदा नाही अनेकदा. पुढे त्यातून बाहेर आल्यावर स्वतःच उघडपणे सगळं सांगायचा. २०२२ मध्ये गेला. स्टँडमधले जुने लोक त्याच्याबद्दल बोलताना मी ऐकलंय, कोणी जेलचा विषय टाळत नाही, पण तिथून सुरुवातही करत नाही. सुरुवात "अरे तो डाव्या बाजूच्या खांबाजवळून..." अशीच होते.

प्रश्न : या लीगचे खेळाडू सेमी-प्रोफेशनल असतात म्हणे, म्हणजे नक्की काय? त्यात पोट भरतं का? माझा भाचा तिकडे शिकायला जातोय, खेळात चांगला आहे. – एक मामा, सोलापूर

उत्तर : मामा, पोट भरत नाही. मॅचचे पैसे मिळतात, पण घर चालतं ते दिवसाच्या नोकरीवर. कोणी इलेक्ट्रिशियन, कोणी सुतार, कोणी शाळेत पीटी शिकवतो, कोणी युनिव्हर्सिटीत शिकतोय. काम संपलं की संध्याकाळी प्रॅक्टिस, तीही जुलैच्या थंडीत दिव्यांखाली, शनिवार-रविवार मॅच, आणि सोमवारी लंगडत कामावर. फुल-टाइम पगार फक्त एएफएलमध्ये. त्यामुळे खेळाडू दोन प्रकारचे, एक विशीतली पोरं ज्यांना अजून वर निवड होण्याची आशा आहे, दुसरे वरून परत आलेले किंवा कधी न गेलेले, जे आता आवडीसाठी खेळतात. दुसरे मला जास्त आवडतात, का ते विचारू नका.

भाच्याचं म्हणाल तर हा खेळ तिकडची मुलं पाच-सहा वर्षांची असल्यापासून खेळतात, तेव्हा थेट या लेव्हलला जाणं अवघड. पण प्रत्येक उपनगरात छोटे हौशी क्लब असतात, ते नवख्याला आनंदाने घेतात. अभ्यास सांभाळून जाऊ दे की.

प्रश्न : व्हीएफएचे बाकीचे जुने क्लब आता दिसत नाहीत. मग हाच कसा टिकला? – एक वाचक, मेलबर्न

उत्तर : ऐंशी-नव्वदच्या दशकात पडझडच झाली. मोठी लीगही रविवारी खेळायला लागली, टीव्ही तिकडे वळला, हातातला हुकमाचा पत्ता गेला. यारव्हिल, कॅम्बरवेल, ब्रन्सविक, ओकली, डँडेनाँग, कोणी बंद पडले, कोणी लीगमधून बाहेर. २००० पासून एएफएल क्लबांच्या राखीव टीमही याच लीगमध्ये आल्या आणि जुन्या क्लबांना त्यांच्याशी जोड्या लावून घ्याव्या लागल्या. पोर्टनेही लावल्या, आधी सिडनीबरोबर, मग २००३ ते २००५ नॉर्थ मेलबर्नबरोबर. त्यात काय व्हायचं तर शनिवारी तुमच्या टीममध्ये कोण खेळणार हे दुसराच क्लब ठरवायचा. नंतर पोर्टने ठरवलं की नको, एकटेच राहू.

लोक म्हणाले आता हे संपले. २०११ ला काय झालं? सीझनमधल्या २१ च्या २१ मॅच जिंकल्या! फायनलला विल्यमस्टाउनला १५०–९४ असं हरवलं. या लीगमध्ये एकही मॅच न हरता एखादा क्लब चॅम्पियन याआधी १९१८ ला झाला होता, नॉर्थ मेलबर्न. कोच गॅरी एअर्स, हॉथॉर्नचा जुना मोठा खेळाडू. मग २०१७ ला फायनलमध्ये समोर रिचमंडची राखीव टीम, म्हणजे पगारी खेळाडूंचा भरणा असलेली, आणि पोर्टने ७६–७२ ने मारली. चार पॉइंट. ती त्यांची सतरावी चॅम्पियनशिप.

का टिकला याचं एक कारण मला विचाराल तर मैदान. ते कधी सुटलं नाही. वस्ती पार बदलली, गोदीजवळ महागडे फ्लॅट आले (काका, तुमच्या मुलाचाही बहुतेक त्यातलाच असेल), इथून सुटणारी तास्मानियाची बोटसुद्धा २०२२ पासून जिलाँगहून सुटते. पण स्टँड तिथेच, त्यामुळे जे दूर उपनगरात राहायला गेले त्यांनाही परत यायला एक पत्ता आहे.

आणि काका, तुम्ही तिथे आहातच तर एक काम करा. नुसतं कुंपणाबाहेरून बघू नका, तिकीट काढून आत जा, १०९ नंबरची ट्राम नॉर्थ पोर्ट स्टॉपला थांबते, तिथून चालत. मॅचच्या चार भागांपैकी पहिला आणि तिसरा क्वार्टर संपला की लोकांना मैदानात सोडतात, कोच खेळाडूंना घोळक्यात उभं करून झापत असतो आणि तुम्ही मागे दोन फुटांवर उभं राहून ऐकू शकता, कोणी हटकत नाही. सौ.ना पण न्या, कानटोपी घालून, समुद्राकडून वारा येतो तो बोचरा असतो.