कारखान्याच्या जागी चारशे घरं

प्रश्न : आमच्या सोसायटीशेजारचा कारखाना बंद पडला आणि त्या जागी ४०० फ्लॅट उभे राहतायत. निम्म्या घरांत लोक राहायलाही आले. रस्ता होता तेवढाच आहे, आमचं पाणी मात्र अर्ध्या तासावर आलं. जागेचा वापर असा मध्येच बदलता येतो, तर वीस वर्षांचा विकास आराखडा करायचाच कशाला?
– एक वाचक भगिनी, हडपसर

उत्तर : ताई, मी तीस वर्षं नगररचनेत काढली. नोकरीला लागलो तेव्हा नकाशे हातानं रंगवायचो. राहण्याची जागा पिवळी, कारखाने जांभळे, शेती हिरवी. जांभळ्याचं पिवळं करणं घटकाभराचं काम. खालची जलवाहिनी तेवढ्यानं मोठी होत नाही, हे माझ्या पहिल्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

तुमचाच हिशेब मांडू. घरटी चार माणसं धरली तर १,६०० जण. माणशी रोज १३५ लिटर हा नेहमीचा निकष, म्हणजे २ लाख १६ हजार लिटर. दहा हजारी टँकर धरले तर एकवीस-बावीस. त्यातलं बहुतेक सांडपाणी होऊन जुन्याच गटारात. कामगार पाळी सुटली की घरी जायचे. कारखान्यानं शाळा मागितली नव्हती, या घरांतली मुलं मागतील, आणि त्यांना खेळायला जागाही नाही.

औद्योगिक जागेवर घरं बांधायची वाट बांधकाम नियमावलीतच आहे. महापालिकेच्या परवानगीनं ते होतं, म्हणून तुमच्या हरकती कुणी मागवल्या नाहीत. आराखड्यातलं आरक्षण, म्हणजे मैदान-शाळेसारख्या सोयींसाठी राखलेली जागा, बदलायचं असतं तर १९६६च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे नोटीस काढून महिनाभर हरकती-सूचना घ्याव्या लागल्या असत्या.

तुमचा 'कशाला' मला लागला. पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७चा आराखडा मंजूर झाला जानेवारी २०१७मध्ये. निम्मी मुदत तिथेच सरली. आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम १२७ची नोटीस देतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण उठतं. एका मैदानाची रेघ मी स्वतः ओढली होती. ते असंच गेलं. आजही त्या रस्त्यानं जाताना मान तिकडे वळते.

तरीही वापर बदलूच नये, असं मी म्हणणार नाही. तुमच्याच हडपसरात मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी ४०० एकरांहून जास्त जमीन एकत्र केली. तिथे ऊस होता, आज घरं नि कचेऱ्या आहेत. पण रस्ते, बागा, शाळा यांच्या जागा त्यांनी आधीच ठरवल्या होत्या.

तुमच्या हातातही एक धागा आहे. उद्योगाच्या जागी घरं बांधताना ठरावीक जागा सार्वजनिक सोयींसाठी सोडावी लागते. सोसायटीच्या लेटरहेडवर मंजूर नकाशाची प्रत मागा, नाही दिली तर माहिती अधिकारात. ही सोडलेली जागा, म्हणजे सुविधा भूखंड, कुठे दाखवलाय, त्याला रस्त्यावरून थेट वाट आहे का आणि महापालिकेच्या नावावर चढलाय का, हे बघा. चढला नसेल तर उरलेल्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र मिळण्याआधी लेखी तक्रार द्या, पोच घ्या. एकदा सगळी घरं भरली की त्या भूखंडाचं कुणी विचारत नाही, हे मी फार वेळा पाहिलंय.

प्रत हाती आली की मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मी स्वतः बघून सांगेन.