जुना कोड, नवा कंपायलर

प्रश्न: नमस्कार ताई, मी सेकंड इयर कॉम्प्युटरला आहे आणि सी मधला एक जुना टर्मिनल गेम सोर्सवरून बिल्ड करतोय, डेबियन 13 वर. आधी कंपायलर एनकर्सेस डॉट एच सापडत नाही म्हणाला, पण एनकर्सेस (टर्मिनलवर स्क्रीन रंगवणारी लायब्ररी) तर इन्स्टॉल्ड दाखवतंय. बाकी फाइल्समध्ये 'इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन'चे ढीगभर एरर. कळव्याच्या मित्राकडे उबुंटू 20.04 आहे, तिथे हाच कोड आरामात बिल्ड होतो. सगळं फॉरमॅट करून परत टाकू का?
– एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर: फॉरमॅट अजिबात नको, तुझ्या मशीनला काहीही झालेलं नाही.

एनकर्सेसचं आधी बघू. तुझ्याकडे आहे ती लायब्ररी तयार प्रोग्रॅम चालवायला पुरते, पण बिल्डला हेडर फाइल (लायब्ररीतल्या फंक्शन्सची ओळख करून देणारी) लागते आणि ती डेबियन-उबुंटूत वेगळ्या पॅकेजमध्ये असते, नावाच्या शेवटी डेव्ह असलेल्या. सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबएनकर्सेस-डेव्ह मार, झालं. पुढे कुठलंही हेडर अडलं की ॲप्ट-फाइल सर्च करून त्याचं पॅकेज शोधायचं.

आता मित्राकडे चालतं ते का, तर त्याच्याकडे जीसीसी (सी चा कंपायलर) 9 आहे आणि तुझ्याकडे 14. फंक्शन डिक्लेअर न करता वापरायची सूट सी भाषेने 1999 च्या स्टँडर्डमध्येच काढली, पण जीसीसी इतकी वर्षं नुसती वॉर्निंग देऊन सोडायचा, 2024 मध्ये आलेल्या 14 पासून तो थेट एरर देतो. आणि बरंच केलं! डिक्लरेशन नसेल तर कंपायलर धरून चालायचा की फंक्शन इंट परत देतं, आणि ते खरं तर पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, देत असेल तर 64 बिट मशीनवर पत्त्याचा अर्धा भाग उडतो, मग प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी क्रॅश होतो आणि तू रात्रभर शोधत बसतोस. म्हणून एफ-परमिसिव्ह हा ऑप्शन लावून हे एरर दाबू नकोस प्लीज. बहुतेक वेळा एक इन्क्लुड राहिलेला असतो, एररमध्ये स्ट्रलेन दिसलं तर स्ट्रिंग डॉट एच, इजडिजिट दिसलं तर सीटाइप डॉट एच.

एक कर, मेक जे8 (एका वेळी आठ फाइल्स बिल्ड करणारं) ऐवजी साधं मेक चालव, नाहीतर आठ फाइल्सचे मेसेज एकात एक मिसळतात. सगळ्यात वरचा एरर वाच, तो सोडव, परत चालव. शेवटची 'मेक एरर 1' वाली ओळ वाचून काही कळत नाही, पण लोक नेमकी तीच कॉपी करून पाठवतात.

हे सगळं निस्तरल्यावर लिंकिंगला, म्हणजे सगळे तुकडे जोडून एक प्रोग्रॅम होताना, 'मल्टिपल डेफिनिशन' आलं तर घाबरू नकोस, इतक्या जुन्या कोडमध्ये ते येऊ शकतं. हेडरमध्ये नुसतं इंट स्कोर लिहिलेलं असेल आणि ते हेडर चार फाइल्सनी घेतलं असेल तर चार स्कोर तयार होतात, आधी ते गपचूप एक केले जायचे, 2020 च्या जीसीसी 10 पासून नाही. हेडरमध्ये एक्स्टर्न (व्हेरिएबल दुसरीकडे आहे असं सांगणारा शब्द) लाव, खरी व्याख्या एकाच सी फाइलमध्ये ठेव, मग मेक क्लीन करून परत बिल्ड कर.